हिरव्या गाडीच्या बाई

बाई गाडी बघायला गेल्या की बॉनेट उघडायला सांगत नसत, टायर दाबून बघत नसत. सरळ मागचं दार उघडायच्या, चपला बाहेर काढून ठेवायच्या आणि मागच्या सीटवर कुशीवर आडव्या व्हायच्या. गुडघे पोटाशी घेतलेले, एक हात पोटावर, डोळे मिटलेले. मग आतूनच हुकूम यायचा, "चालवा." पुण्यात लष्कर भागातल्या, जुन्या गाड्या विकणाऱ्या एका शेठजींना वाटलं, बाईंना घेरी आली. त्यांनी धावतपळत पाण्याचा तांब्या मागवला. बाई आडव्या राहूनच म्हणाल्या, "पाणी राहू द्या. तो समोरचा खड्डा दिसतोय ना, त्यातून न्या."

तेव्हा पिंपरीला औषधांचा सरकारी कारखाना उभा राहत होता. फाळणीनंतर आलेल्या लोकांच्या छावणीत दुकानं लागली होती. त्यापलीकडे भोसरी, मोशी, चाकण, सगळी शेती. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला चिंचवडला माझं पत्र्याचं गॅरेज होतं आणि तिथून हाकेच्या अंतरावर बाईंचा दवाखाना. बाळंतपणाच्या डॉक्टर. मूळच्या साताऱ्याकडच्या, लग्न न केलेल्या, चाळिशीच्या, आणि आवाज असा की स्टेशनवरच्या हमालाने वळून बघावं. दारावरच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, पण ते मी कोणाच्या तोंडून कधी ऐकलं नाही. 'बाई' म्हटलं की पुरे. मला त्या 'मिस्त्री' म्हणत आणि अहोजाहो करत. ग्रीसने बरबटलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला 'तुम्ही' म्हणणारं त्या वेळी चिंचवडात दुसरं कोणी नव्हतं. त्या एका शब्दापायी मी बाकीच्यांची कामं बाजूला ठेवून त्यांचं काम आधी करत असे.

बाईंचं एक वाक्य आसपासच्या गावांना पाठ होतं. "बैलगाडीत बाई वाचते पण पोचत नाही, ट्रकात पोचते पण वाचत नाही." अडलेली बाळंतीण पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावी लागायची. चाकणच्या बाजूने बैलगाडीने निघालं तर दिवस मोडायचा. ट्रक मिळाला तर वेळेत जाता यायचं, पण त्या हादऱ्यांनी वाटेतच रक्तस्राव वाढायचा. बाईंनी एकदा कांद्याच्या ट्रकात पोत्यांवर गादी घालून अशी एक बाई नेली होती. ती त्यांच्या मांडीवरच गेली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना चष्मा पुसत राहिल्या. त्यानंतर त्यांनी ठरवलं की स्वतःची गाडी घ्यायची, आणि ती शर्यतीच्या गाडीसारखी पळणारी आणि पाळण्यासारखी नेणारी, दोन्ही हवी.

अशी गाडी नसते, हे मी त्यांना परोपरीने सांगितलं. पळणारी गाडी कडक असते, मऊ गाडी सुस्त असते. आमच्या धंद्यात हे पोराटोरांनाही कळतं. "बाई, लष्कराच्या लिलावातली जीप घ्या. कुठंही जाईल, कधी बंद पडणार नाही," मी म्हटलं. त्या जीपमध्येही आडव्या झाल्या. पिंपरीच्या फाटकापर्यंत जाऊन आलो तोवर त्यांनी सतरा वेळा "इथं दुखलं" म्हटलं. प्रत्येक हादऱ्याला त्या असं बोलत, अगदी पेशंटसारखं. खाली उतरून म्हणाल्या, "मिस्त्री, ही लढाईला बरी आहे. आपल्याला लढाईतून माणसं परत आणायचीत." मग एक भलीमोठी अमेरिकन गाडी पाहिली. आत बाईंना झोप लागायची बाकी होती, पण चढाला ती गाडी म्हशीसारखी धापा टाकू लागली. तीही गेली. दोन महिने आमचे सगळे रविवार असे आडवे होण्यात गेले.

आता एक गोष्ट सांगितली नाही तर हे चित्र फारच साजूक होईल. बाईंना वेगाचं वेड होतं. निव्वळ वेड. दवाखान्यात तपासणीच्या टेबलाच्या खणात रद्दीतून आणलेली इंग्रजी मोटारींची मासिकं असायची, वर औषधांच्या कंपनीचं कॅलेंडर पांघरलेलं. मागच्या सीटची परीक्षा संपली की त्या पदर खोचून स्वतः पुढे बसत, आणि आकुर्डी ते देहूरोड या सरळ पट्ट्यावर गाडी अशी सोडत की मी दाराची कडी धरून कुलदैवत आठवायचो. एरवी त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसायला अमावास्या-पौर्णिमा गाठावी लागे. चाकामागे बसल्या की मात्र गालाला खळी पडायची. एकदा मी धीर करून बोललोच. त्या म्हणाल्या, "दुर्गुण आहे हो माझा. पण त्याला कामाला लावलाय."

गाडी शेवटी देहूरोडला मिळाली. नोकरी संपवून मायदेशी निघालेल्या एका लष्करी डॉक्टरची. इंग्रजी बनावट, चार दारं, लांब नाकाची, जमिनीला टेकल्यासारखी ठेंगणी, गर्द हिरवी. सीट खऱ्या कातड्याच्या. बाई मागे आडव्या झाल्या. मी मुद्दाम रेल्वे फाटकाच्या रुळांवरून नेली. एकदाही "इथं दुखलं" ऐकू आलं नाही. मागे वळून बघितलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. नंतर त्यांनी ती स्वतः सोमाटण्यापर्यंत पळवली. त्या पळवण्याबद्दल मी काही लिहीत नाही. माझी म्हातारी आई तेव्हा हयात होती आणि तिला मी कधी खरं सांगितलं नव्हतं.

गावोगावी त्या गाडीचं नाव 'हिरवी' पडलं. दुभत्या गाईचं घ्यावं तसं लोक तिचं नाव घेत. "हिरवी आली का? मग भ्यायाचं कारण न्हाई." दारात थांबली की सासवा-आजेसासवा तिच्या पुढच्या चाकांवर पाणी घालत, कोणी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकी. बाईंचा अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, पण त्या कोणाचा हातही धरत नसत. "पेशंट आत ठेवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात उरका," एवढंच म्हणत. पुढची दोन वर्षं हिरवीने बायका नेल्या. मोजदाद बाईंनी ठेवली नाही, मीही नाही. पण चाकणच्या बाजाराला गेलो की कडेवरची पोरं दाखवून बायका मला सांगत, "ह्ये बी हिरवीतलंच." गाडीची देखभाल माझ्याकडे आहे एवढ्यावर मला फुकटात ऊस खायला मिळे. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात बरी वर्षं होती.

हिरवीचं दुखणं एकच, तिचं ठेंगणेपण. सडकेवर राणी, पण गावात शिरायच्या गाडीवाटेवर मधला उंचवटा तिच्या पोटाला घासायचा. इंजिनाच्या खाली तेलाचं भांडं असतं, त्याला आम्ही चेंबर म्हणतो. ते दोनदा फुटलं. एकदा तर बाई भर उन्हात तीन मैल चालत आल्या. नशीब, तेव्हा गाडीत पेशंट नव्हती. आमच्याकडच्या मिस्त्रींना यावर एकच औषध ठाऊक. चाकांवरच्या कमानीत लोखंडी पाटे एकावर एक बसवलेले असतात, त्यात एक जादा घालायचा. गाडी दोन बोटं वर उचलली जाते, थोडी कडकही होते. ट्रक असो, टॅक्सी असो, कोणाची नवी कोरी गाडी असो, आमच्या हातात आली की एक पाटा जादा. गिऱ्हाइकाला विचारायचीसुद्धा पद्धत नव्हती. वाण्याने मापावर चिमूटभर जादा टाकावं तसं ते होतं. मी हिरवीलाही घातला. दुसऱ्या दिवशी बाई मागे आडव्या झाल्या, फाटकापर्यंत जाऊन आल्या आणि उतरल्यावर म्हणाल्या, "ही तुमची जीप झाली. काढा तो पाटा." मी काढला.

मनातून मात्र मला ते पटलं नव्हतं. गाडीची अक्कल मला, बाळंतपणाची त्यांना, असा माझा हिशोब. चेंबर तिसऱ्यांदा फुटून दुरुस्तीला आलं तेव्हा मला त्यांची कीव आली आणि थोडा रागही आला. पेशंट आत असताना फुटलं तर काय कराल, असं मी मनात त्यांच्याशी भांडत होतो. त्या भांडणात मी जिंकलो आणि गुपचूप एक पातळ पाटा चढवला. वाटलं, एवढ्याशा पाट्याने काय कळणार? कळलंच तर काढू. त्यांच्या भल्यासाठीच तर करतोय.

चेंबर बसवून मी हात धूत होतो तोच चाकणच्या पुढच्या एका गावचा किसन नावाचा तरुण शेतकरी कोणाच्या तरी सायकलवर डबलसीट येऊन दवाखान्यात पोचला. त्याच्या बायकोला, चंद्राला, नववा महिना होता आणि सकाळपासून अंगावरून रक्त जात होतं. बाई पिशवी घेऊन त्याच्यासह माझ्याकडे धावत आल्या. भर दुपार होती. "झाली का गाडी?" एवढंच त्यांनी विचारलं. पाटा काढायचा तर दीड तास लागला असता. पण सांगायला क्षणही लागला नसता. सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, मला ठाऊक नाही. कदाचित त्याच गाडीने गेल्या असत्या. कदाचित छावणीतल्या एका ओळखीच्याची मोठी अमेरिकन गाडी मागून घेतली असती, ती तेव्हा तिथेच उभी असायची. एरवी माझ्याकडून गाडी घेताना त्या एकदा तरी मागे आडव्या होऊन बघत. त्या दिवशी वेळ नव्हता. मी म्हटलं, "झाली बाई. न्या." आणि किल्ली दिली.

चंद्रा पुण्याला पोचली नाही. मोशीचा पूल ओलांडल्यावर भोसरीच्या अलीकडे ती गेली. पोटातलं मूलही गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई गाडी घेऊन आल्या. मागची सीट त्यांनी स्वतः धुतली होती, अजून ओली होती. त्या खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "पाटा काढा." आवाज चढवला नाही. मी गाडीखाली शिरलो. त्या बाजूच्या पिंपावर बसून राहिल्या आणि मी तोंड वर करून काम करत असताना बोलत गेल्या. "वेग घेतला की रक्त वाढत होतं. हळू केलं की वेळ जात होता. शेवटी हळूच नेली." मी खालूनच विचारलं, "बाई, ते पाट्यामुळंच का?" त्या म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही. तिची केस अवघडच होती. पाटा नसता तरी कदाचित गेली असती. मिस्त्री, हे तुम्हाला आणि मला कधीच कळणार नाही." मी बाहेर आलो तेव्हा माझ्या चेहऱ्यावर तेल होतं म्हणून बरं. त्यांनी आपला रुमाल पुढे केला.

चंद्राच्या दहाव्याला बाई किसनच्या गावी जाऊन आल्या. एकट्याच गेल्या, एस.टी.ने. तिथे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. त्यानंतर चाकणच्या बाजूची बोलावणी कमी होत गेली. आधी त्या गावचं बंद झालं, मग शेजारच्या दोन-तीन गावांचं, आणि हळूहळू सगळीकडचंच. मी स्वतःची समजूत घातली की लोक गाडीला भ्यायले असतील. हिरवीचा पायगुण वाईट म्हणत असतील. खेड्यातली माणसं, मढं गेलेल्या गाडीत लेकीसुनेला कशाला बसवतील? ही समजूत मला फार सोयीची होती. तिला धरून मी दीड वर्ष काढलं.

त्या दीड वर्षात बाई पेशंटविना दवाखान्यात बसून असायच्या. खणातली मोटारींची मासिकं त्यांनी एक दिवस रद्दीवाल्याला परत दिली. पुढे खानदेशातल्या एका दवाखान्यातून त्यांना नोकरीचं पत्र आलं. तिथे गाडीची गरज नव्हती, म्हणून हिरवी मुंबईच्या कोणा हौशी माणसाला विकली. जायच्या दिवशी त्या गॅरेजवर आल्या. मी पाया पडायला वाकलो, तर त्या दोन पावलं मागे सरल्या. म्हणाल्या, "पुढे कोणाचीही गाडी हातात आली तर विचारून करा. तो मूर्ख असला तरी विचारा." आणि स्टेशनकडे चालत गेल्या. वाटेत हात करून त्यांनी हमालाला हाक मारलेली दिसली, पण ऐकू आली नाही, इतका त्यांचा आवाज बसला होता. त्या दिवसापासून मी विचारल्याशिवाय कोणाच्या गाडीचा साधा नटही बदललेला नाही. गिऱ्हाइकं हसतात. "मिस्त्री, तुला काय वाटंल ते कर की राव," म्हणतात. मला वाटेल ते मी एकदा करून बसलो आहे.

बाई गेल्या त्यानंतरच्या उन्हाळ्यात किसन माझ्याकडे आला. त्याचं दुसरं लग्न झालं होतं. गॅरेजबाहेर बैलगाडी उभी होती आणि तिच्यात त्याची नवी बायको डोक्यावरून पदर घेऊन बसलेली. सातवा महिना. "बाईंचा दवाखाना बंद दिसतुया," तो म्हणाला. "कुठं गेल्या?" मी सांगितलं. तो मटकन पिंपावर बसला.

"तुमी लोकांनीच तर बोलवायचं बंद केलं," मी जरा तिखटपणे म्हणालो.

"व्हय. केलं," तो म्हणाला. "बाई दहाव्याला आल्या हुत्या. समद्या भावकीदेखत हात जोडून बोलल्या, 'चूक माझी झाली. मी गाडी हळू नेली. तुमची पोर माझ्या हातनं गेली.' डाक्टरच असं बोलल्यावर लोकांनी काय करायचं? म्हातारी माणसं म्हनली, बाईंचा हात गेला. पर म्या तिथं गाडीत हुतो. बाईंनी किती केलं ते म्या बघितलंय. म्हनून हिला घिऊन आलो."

इतके दिवस मी पायगुणाची समजूत धरून बसलो होतो आणि तिकडे बाईंनी सगळ्या गावासमोर माझ्या वाटणीचं स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं. माझं नाव त्यांनी काढलं नव्हतं. पाट्याचाही उल्लेख केला नव्हता. मला रडू फुटलं आणि रडता रडता मी किसनला सगळं सांगितलं. न विचारता घातलेला पाटा, दिलेली किल्ली, "झाली बाई, न्या" म्हटलं तेही. वाटलं, तो उठून माझी गचांडी धरेल. धरली असती तर बरं वाटलं असतं.

तो उठला आणि म्हणाला, "ह्ये तू तवाच येऊन सांगाया पायजे हुतं, मिस्त्री. आमी तुला शिव्या घातल्या असत्या, मारलं असतं. पर बाईंना जाऊ दिलं नसतं." दारापर्यंत जाऊन तो वळला. "आता हिला कशातनं न्यायची?"

माझ्या आवारात तेव्हा दोन जीपगाड्या आणि एक ट्रक उभा होता. त्यातलं एखादं घेऊन जा, असं मला त्याला म्हणता आलं नाही. तो बैलगाडीवर चढला नाही. बैलांच्या कासऱ्याला धरून पायीच चालू लागला, आणि वाटेत खड्डा आला की बैल थांबवून मागे येई, चाकाला खांदा देई, आणि ते हलकेच खड्ड्यातून वर काढी. बायको दोन्ही हातांनी पोट धरून बसली होती. गाडी भोसरीच्या वळणाआड जाईपर्यंत मी बघत उभा होतो. तिचं पुढे काय झालं हे विचारायला मी त्या गावी कधी गेलो नाही.